वजनं न सोडता पळण्याचा दम कसा वाढवायचा?

लोखंडी

नमस्कार. आधी आकडे देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

वय ३४, वजन ८२ किलो. जिम आठवड्यातून चार दिवस. त्यात स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) दोनदा, ११० किलोवर ५×५, म्हणजे पाच सेट, प्रत्येकी पाच रेप्स (आवर्तनं). डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १४० किलोवर तीन रेप्स. बाकी छाती, पाठ, खांदे. पळणं तीन दिवस, दर वेळी ५ किमी, साधारण ३१ मिनिटं. तिसऱ्या किलोमीटरनंतर धाप लागते, तेव्हा घड्याळ १७२ ठोके दाखवतं. दोन महिने वेळ तिथेच अडकली आहे आणि स्क्वॉटचे शेवटचे दोन सेट आता जड जातात.

चार महिन्यांत १० किमी एका तासाच्या आत पळायचं आहे. स्क्वॉट ११० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पळणं आणि पायांचा दिवस कसे बसवायचे? सेट किती कमी करायचे? एकाच दिवशी दोन्ही असेल तर आधी काय? शिवाय पोटऱ्या आणि नडगी सतत कडक असतात, त्याचंही सांगा.

दमसास

अडचण तुमच्या आकड्यांतच दिसते. तिन्ही रन एकाच वेगाचे, आणि तिन्ही जोरात.

२०८ वजा वयाच्या ०.७ पट, या सूत्राने तुमचे कमाल ठोके १८४ च्या आसपास येतात. सूत्र सरासरीचं आहे, प्रत्यक्षात दहाएक ठोके इकडेतिकडे असू शकतात. तरी १७२ म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. हा शर्यतीचा जोर झाला, आणि तो तुम्ही आठवड्यातून तीनदा लावताय. दम वाढतो म्हणजे काय होतं? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. यातला बराचसा भाग हळू पळण्यातही होतो, फक्त त्याला मिनिटं लागतात. शर्यतीच्या जोरात तुम्हाला ३१ मिनिटांच्या वर जाता येत नाही. वर दुसऱ्या दिवशी पाय थकलेले. स्क्वॉटचे शेवटचे सेट जड जातात ते यामुळे.

तुमच्या आजच्या ५ किमीवरून हळू पळण्याचा वेग किलोमीटरला साडेसात ते सव्वाआठ मिनिटं येतो. लाज वाटेल इतका हळू वाटेल, पण तोच ठेवा. घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची: एक अख्खं, लांबलचक वाक्य मध्ये श्वास न तोडता म्हणता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. ठोके १४० च्या वर चढायला लागले की मिनिटभर चाला आणि पुन्हा सुरू करा. पहिले दोन-तीन आठवडे चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असंच चालेल. त्यात कमीपणा काही नाही.

सुधारणा मोजायची एक साधी पद्धत: सपाट रस्त्यावर एकाच वेगाने ४० मिनिटं पळा आणि पहिल्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी दुसऱ्या २० मिनिटांच्या सरासरीशी ताडून बघा. फरक पाच टक्क्यांच्या आत आला की पाया बसला, मग जोराचे रन वाढवायचे. उन्हात किंवा दमट हवेत फरक आपोआप वाढतो, म्हणून तुलना सारख्याच हवेतली करा.

पोलादी पट्टी

दमसास यांच्याशी सहमत. वजनांच्या बाजूचं मी लिहितो.

"पळालं की ताकद जाते" ही भीती बरीचशी एका जुन्या अभ्यासातून आलेली आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. एक गट फक्त वजनं, दुसरा फक्त दमाचे व्यायाम, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची पायांची ताकद सहा-सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढली, मग थांबली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात घसरली. पण त्यांचं वेळापत्रक बघा: वजनं आठवड्यातून पाच दिवस, दमाचे जोरदार व्यायाम सहा दिवस, एकूण दहा आठवडे. एवढ्या भाराखाली कोणीही वाकेल. आणि याच गटाचा दम मात्र फक्त दमाचे व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला, हा अर्धा भाग लोक सांगतच नाहीत. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत कमाल ताकद आणि स्नायूंचा आकार यांवर फारसा फरक आढळला नाही. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी, झटक्याने उचलणं याला, तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तर.

आता तुमचं. ताकद वाढवायला जेवढं लागतं त्याच्या बऱ्याच कमी कामात ती टिकते, एका अटीवर: बारवरचं वजन कमी करायचं नाही. सेट कापा, किलो कापू नका. लोक नेमकं उलटं करतात. पळणं सुरू केलं की ११० चे ७० करतात आणि वीस-वीस रेप्स मारतात, "पळण्याला उपयोगी" म्हणून. ते काम पळणं स्वतःच करतं. वर पाय आंबतात ते वेगळंच.

स्क्वॉटचा मुख्य दिवस असा: रिकाम्या बारवर ८ रेप्स, ६० किलोवर ५, ८५ वर ३, १०० वर १, मग ११० वर ३×४. मध्ये पूर्ण तीन मिनिटं विश्रांती. आज तुम्ही ११० वर एका दिवशी २५ रेप्स काढता, त्या जागी १२ होतील. प्रत्येक सेट संपताना अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. सेट फसेपर्यंत ताणायचं नाही. त्याची किंमत पुढच्या लाँग रनमध्ये, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब रनमध्ये, भरावी लागते.

दुसरा पायांचा दिवस हलका: रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जेमतेम वाकवून, कमरेतून झुकत बार खाली-वर) ८० ते ९० किलोवर ३×६, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) हातात डंबेल घेऊन २×६, पोटरी. जमिनीवरून १४० ची डेडलिफ्ट दोन आठवड्यांतून एकदाच, २×३, आणि ती मुख्य दिवशी स्क्वॉटचा एक सेट कमी करून. पाठीचा खालचा भाग थकलेला असेल तर पळताना धड पुढे पडतं आणि खुब्यावर ताण येतो.

स्प्लिट स्क्वॉट आणि लंज नव्याने सुरू करताना पहिल्या आठवड्यात एकच सेट. स्नायू ताणला जात असताना भार घेतो, तेव्हा अंग सगळ्यात जास्त आंबतं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. पहिल्याच दिवशी तीन सेट केले तर आठवड्याचे रन वाया गेले समजा.

लोखंडी

दोघांचे आभार. सेट कमी करायचे पण वजन तेच, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दिवसांची मांडणी कोणी करून देईल का? सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मिळू शकतात, पण आठवड्यातून दोनच दिवस.

दिनमान

नियम एक: जोराची कामं एकाच दिवशी रचा, म्हणजे बाकीचे दिवस खरोखर हलके राहतात. रोज थोडं जड, थोडं जोरात केलं की शरीराला सावरायला जागाच उरत नाही.

सोमवार: वरचं अंग, ४५ मिनिटं. पळणं नाही.
मंगळवार: सकाळी जोराचा रन, संध्याकाळी स्क्वॉटचा मुख्य दिवस. मध्ये निदान सहा तास.
बुधवार: काही नाही. हवं तर चालणं.
गुरुवार: सकाळी हळू रन, संध्याकाळी वरचं अंग.
शुक्रवार: पायांचा हलका दिवस. पाचव्या आठवड्यापासून त्यानंतर लगेच २० मिनिटं अगदी हळू पळणं.
शनिवार: विश्रांती.
रविवार: लाँग रन.

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ जेमतेम ३६ तास होतात, म्हणून तो दिवस शक्यतो शुक्रवारी सकाळीच उरका. तो मुद्दाम हलका ठेवलाय. तिथे स्क्वॉट वाढवायचा मोह होईल, तो टाळा.

खुबा

मंगळवारच्या क्रमावर माझं मत वेगळं आहे. स्क्वॉट टिकवायचा हे त्यांचं एक ध्येय आहे. मग सकाळी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, अशा फेऱ्या) मारून थकलेल्या पायांनी संध्याकाळी ११० उचलायचे? सकाळी स्क्वॉट, संध्याकाळी रन असं का नको?

दिनमान

टिकवायचा आहे, वाढवायचा नाही, म्हणून. वाढायला हवाय तो दम, तर ताजे पाय त्याला मिळाले पाहिजेत. दुसरं कारण सुरक्षेचं. बारा रेप्स थकलेल्या पायांनी काढणं जमतं, कारण दोन रेप्स हाताशी आहेत आणि रॅकच्या सेफ्टी बार लावलेल्या आहेत. पळताना मात्र हजारो पावलं पडतात. जड स्क्वॉटनंतर खुब्याचे बाजूचे स्नायू दमलेले असतात, प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला झुकते, गुडघा आत जातो. जोराच्या वेगात हे नको.

खुबा

पावलांचा मुद्दा मान्य. पण ज्यांना दिवसातून एकच वेळ मिळते त्यांच्यासाठी तरी वजनं आधी हवीत, हे लिहून ठेवा. नाहीतर कोणीतरी हे वाचून ४० मिनिटं पळेल आणि लगेच बारखाली जाईल.

दिनमान

हो, ते बरोबर. एकाच सत्रात दोन्ही असेल तर वजनं आधी आणि नंतरचा रन फक्त हळू, २० ते ३० मिनिटं. शुक्रवार तसाच आहे. जड स्क्वॉट संपवून त्याच तासात इंटरव्हल कधीच नाही.

घोटा

पोटऱ्या आणि नडगीबद्दल सविस्तर लिहितो. चार महिन्यांची योजना बहुतेक वेळा इथेच मोडते. फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना महिने लागतात. दम वाढलेला असतो म्हणून माणूस जास्त पळतो आणि नडगी बोलायला लागते. वजनं मारणाऱ्यांना हे जास्त भोवतं. मांडी भरभक्कम, पण पोटरीला कधी हात लावलेला नसतो.

पोटरीत दोन मुख्य स्नायू. वरचा फुगीर दिसतो तो गुडघा सरळ असताना काम करतो. त्याच्या खालचा चपटा, सोलियस, गुडघा वाकलेला असताना जास्त काम करतो. पळताना गुडघा वाकलेलाच असतो, आणि प्रत्येक पावलाला सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. म्हणून नुसतं सरळ पायाने टाच उचलणं पुरत नाही.

सरळ गुडघ्याचं: पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहा, भिंतीला दोन बोटांचा आधार. दोन सेकंदांत वर, वर एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. घोटा बाहेर कलंडू द्यायचा नाही. वर पोचल्यावर सगळं वजन अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी जाणवलं पाहिजे. करंगळीकडे जाणवलं तर रेप फुकट. सुरुवात ३×१०. एका दमात प्रत्येक पायाने २५ स्वच्छ रेप्स निघाल्या की हातात डंबेल घ्या.

वाकलेल्या गुडघ्याचं: बाकावर बसा, चवडा प्लेटवर, बार किंवा डंबेल गुडघ्याच्या जरा मागे मांडीवर. गती तीच. एका पायाला २० किलोवर ३×१२ ने सुरू करा, दर आठवड्याला अडीच ते पाच किलो वाढवा, स्वतःच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी, वजनांच्या शेवटी. रनच्या आधी कधीच नाही.

नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी भिंतीला पाठ टेकवून पावलं हातभर पुढे ठेवा आणि टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचला. २×२०.

पळताना पावलं लांब टाकत असाल तर ती आखूड करा. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं पाच टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. आज १६० असतील तर १६८. मिनिटाला १८० पावलं हा नेहमी सांगितला जाणारा आकडा डोक्यातून काढा. हळू वेगात तो सगळ्यांना लागू नाही.

आता धोक्याची खूण. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं, गरम झाल्यावर कमी होणारं दुखणं असेल तर रन निम्मे करा, पोटरीचं काम चालू ठेवा. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, पळता पळता वाढत असेल, रात्री ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. हाडाला ताणाने गेलेला तडा सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा पळायला जाऊ नका. एमआरआयमध्ये तो लवकर दिसतो.

बारीकशी गोष्ट: पळायचे मऊ तळाचे बूट घालून स्क्वॉट करू नका. ११० किलोखाली मऊ तळ दबतो आणि टाच डगमगते.

इंधन

खाण्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. ताकद गेली म्हणून पळण्याला दोष देणारे बरेच जण मुळात कमी खात असतात.

पळायला किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक किलोकॅलरी लागते. तुम्ही आठवड्याला ३० किमीपर्यंत जाल, म्हणजे ८२ गुणिले ३०, जवळजवळ अडीच हजार. रोजचे साडेतीनशे. ते ताटात वाढले नाहीत तर शरीर कुठूनतरी कापणार.

प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.६ ते २ ग्रॅम. तुम्हाला १३० ते १६५ ग्रॅम, चार वेळांत वाटून. कर्बोदकं साध्या दिवशी ४ ते ५ ग्रॅम प्रति किलो, मंगळवारी आणि रविवारी ६ पर्यंत. मंगळवारी सकाळचा रन आणि संध्याकाळचा स्क्वॉट यांच्यामध्ये दोन पूर्ण जेवणं झालीच पाहिजेत. यात ढिलाई केली तर सहा तासांच्या अंतराचा अर्धा फायदा गेला. लाँग रन ७५ मिनिटांच्या पुढे गेला की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पळतानाच.

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतली जाणारी पूरक पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम घेत असाल तर चालू ठेवा. पाण्याने किलोभर वजन वाढेल, त्याने घाबरू नका.

या चार महिन्यांत वजन घटवायची मोहीम नको. सकाळचे विश्रांतीचे ठोके आठवडाभर नेहमीपेक्षा पाच-सात जास्त, झोप तुटक, चिडचिड, आणि हलक्या वजनातही बार जड: ही चिन्हं एकत्र दिसली तर आधी खाणं आणि झोप बघा, वेळापत्रक नंतर. हा धागा वाचणाऱ्या स्त्रियांसाठी: व्यायाम वाढवल्यावर पाळी चुकायला किंवा लांबायला लागली तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात हाडं झिजतात. "व्यायामामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

दोन चाकं

हळू रनच्या जागी सायकल चालेल का? गुडघ्यांना बरं.

घोटा

एका रनच्या जागी चालेल. ४० मिनिटांच्या रनऐवजी तासभर, बोलता येईल अशा जोरात. हृदयाला तेवढंच काम मिळतं आणि पाय कमी आंबतात. पण हाडं आणि कंडरा आदळण्यानेच तयार होतात, म्हणून सगळे रन सायकलवर टाकू नका. रोइंगही तात्पुरतं ठीक, फक्त डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी नको. पाठ तीच वापरली जाते.

दमसास

आता सोळा आठवडे. आजच्या ३१ मिनिटांवरून १० किमीचा अंदाज साडेचौसष्टच्या आसपास येतो. तासाच्या आत यायचं तर ५ किमी पावणेएकोणतीसच्या जवळ यायला हवं. अवघड आहे, पण शक्य आहे.

आठवडे १ ते ४: फक्त हळू. मंगळवार २५ मिनिटं, गुरुवार ३०, रविवार ४५. तिसऱ्या आठवड्यापासून गुरुवारच्या शेवटी २० सेकंदांच्या चार धावा, वेगात पण सैल अंगाने, मध्ये दीड मिनिट चालणं. दम लागला तर धाव जोरात झाली.

आठवडे ५ ते ८: मंगळवारी १२ मिनिटं हळू, मग ३ मिनिटं किलोमीटरला ५:५० ते ६:०० मिनिटांच्या वेगाने, २ मिनिटं हळू, असं चारदा, शेवटी १० मिनिटं हळू. चौथी फेरी पहिलीइतकीच वेगात झाली पाहिजे. पहिली फेरी सगळ्यात वेगवान निघाली तर तुम्ही चुकलात. शुक्रवारचे २० मिनिटांचे पळणे इथे सुरू. रविवार ६० मिनिटांपर्यंत.

आठवडे ९ ते १३: मंगळवार आलटून पालटून. एकदा तेच इंटरव्हल पाच-सहा फेऱ्यांचे, एकदा टेम्पो, म्हणजे जोराचा पण एकसारखा वेग: १० मिनिटं ६:२५ च्या वेगाने, दोनदा, मध्ये २ मिनिटं हळू. पुढे तीनदा. टेम्पोत तीन-चार शब्द बोलता यावेत. रविवार ८० ते ९० मिनिटं.

आठवडे १४ आणि १५: दीड किमी ६:०० च्या वेगाने, चारदा, मध्ये ९० सेकंद. सोळावा आठवडा पळणं निम्मं. शेवटचा जड स्क्वॉट १० किमीच्या पाच-सहा दिवस आधी, ११० वर फक्त दोन सेट.

प्रत्येक चौथा आठवडा पळण्याची मिनिटं पाव हिश्शाने कमी, आणि त्याच आठवड्यात स्क्वॉटही दोनच सेट. दोन्ही एकत्र उतरवा. एक उतरतं आणि दुसरं चढतं असं ठेवलं तर हलका आठवडा कधी येतच नाही.

पोलादी पट्टी

+१. वहीत दर मंगळवारी ११० च्या पहिल्या सेटनंतर किती रेप्स शिल्लक वाटल्या ते लिहा. दोन आठवडे ओळीने एकपेक्षा कमी वाटल्या तर कापण्याचा क्रम असा: आधी स्प्लिट स्क्वॉट, मग इंटरव्हलच्या दोन फेऱ्या, मग शुक्रवारचे २० मिनिटांचे पळणे. ११० चे जड सेट आणि रविवारचा लाँग रन शेवटपर्यंत हलवायचे नाहीत.

लोखंडी

सगळं उतरवून घेतलं. पहिला आठवडा असा मांडलाय, बघून घ्या: सोमवार वरचं अंग. मंगळवार सकाळी २५ मिनिटं हळू, संध्याकाळी स्क्वॉट ३×४, पोटरी. गुरुवार ३० मिनिटं, संध्याकाळी वरचं अंग. शुक्रवार रोमानियन डेडलिफ्ट ८० वर ३×६, स्प्लिट स्क्वॉट २×६, पोटरी. रविवार ४५ मिनिटं, चार-एक पद्धतीने.

पोलादी पट्टी

शुक्रवारी स्प्लिट स्क्वॉट एकच सेट, डंबेल न घेता. डंबेल दुसऱ्या आठवड्यात.

घोटा

पोटरी पहिल्या आठवड्यात दोन्ही प्रकारांचे दोनच सेट करा. पहिल्यांदाच करताय, तीन केलेत तर रविवारी जिना उतरताना त्रास होईल.